पसली मॅडम

कमलिनी खानझोडे फारशी कोणाला आवडायची नाही, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. आमच्या शाळेत ती पी.टी. शिकवायची, मी संस्कृत. कारखान्याच्या वसाहतीतली शाळा, मुलं कामगारांची आणि इंजिनियरांची, मराठी बोलणाऱ्या शिक्षिका आम्ही दोघीच. म्हणून स्टाफरूममध्ये ती माझ्याशेजारी बसायची. मैत्री होती असं नाही, दुसऱ्या कोणाशेजारी बसायची सोय तिने ठेवली नव्हती. हिंदीच्या मॅडमशी तिचं वाजलं होतं, लायब्ररीवाल्याशी वाजलं होतं, प्रिन्सिपलशी तर रोजच वाजायचं. उंच, हाडापेराने मजबूत, गळ्यात कायम शिट्टी. मूळची नागपूरची. लग्न होऊन भोपाळला आली. नवरा बाळकृष्ण कारखान्यात टेक्निशियन, इतका शांत माणूस की वसाहतीत कित्येकांनी त्याचा आवाज ऐकलेला नव्हता.

त्यांचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. खाली श्रीकांत देशकर. ते फोरमन होते, महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी होते, आमच्या शाळेच्या पालक समितीवर होते. गणपतीत आरतीचं ताट त्यांच्याच हातात असायचं. बायको मनोरमा, मुलगा हेमंत, मुलगी अलका लग्न होऊन पुण्याला. देशकरही नागपूरकडचेच. पहिल्या वर्षी दोन्ही घरांत डब्यांची देवाणघेवाण होती म्हणे. मग देशकरांनी जिन्याखाली नळाच्या लाइनला टुल्लू पंप बसवला.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी जेमतेम यायचं. पंप लागला की खालच्यांच्या टाक्या भरायच्या आणि वर नळातून नुसती हवा फुसफुसायची. कमलिनीने आधी सांगून पाहिलं, मग टाउनशिप ऑफिसात तक्रार केली. ऑफिसचा माणूस आला, देशकरांकडे चहा प्याला आणि गेला. त्यानंतर तिने वेगळा उपाय काढला. पाणी यायच्या वेळी खाली उतरायची आणि पंपाचा प्लग उपटून टाकायची. देशकर पुन्हा लावायचे, ती पुन्हा उपटायची. हे कित्येक उन्हाळे चाललं. मनोरमा जिन्यात ती दिसली की तोंड फिरवायची आणि ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची की काहींना घरात पोरंबाळं नसली की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला वेळच वेळ असतो. कमलिनीला मूल नव्हतं.

एका एप्रिलमध्ये कमलिनीने सातवीच्या वर्गाला भर उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या आणि एक मुलगी चक्कर येऊन पडली. मुलीला काही झालं नाही, पाणी प्याली आणि उठून बसली. पण देशकरांना हवं ते मिळालं. त्यांनी पालक समितीत विषय लावून धरला, या बाईला नोकरीवरून काढा म्हणाले. प्रिन्सिपलने काढलं नाही, पण सगळ्यांसमोर सुनावलं, ‘‘बच्चे गिराना तो आपको आता है, अब उठाना भी सीख लीजिए.’’ आणि तिला प्रथमोपचाराच्या वर्गाला धाडून दिलं. तिच्या सगळ्या शनिवारच्या सुट्ट्या त्यात गेल्या. अशा रीतीने ती सीपीआर शिकायला गेली, शिक्षा म्हणून, दात-ओठ खात.

वर्ग फायर स्टेशनमागच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला दिगंबर मोहिते. फौजेच्या हॉस्पिटलात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, अयोध्या नगरात घर बांधून राहिलेले. तोंडाने कमलिनीच्या वरताण. जमिनीवर रबराचा धडापुरता पुतळा ठेवलेला असायचा, त्याच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबायचं. पहिल्याच दिवशी तिने दाबायला सुरुवात केली आणि मोहिते वरून म्हणाले, कोपरं वाकली, कणीक तिंबायला आलात का. तिने उलट उत्तर दिलं. त्यांनी तिला उठवून मागे बसवलं. पुढच्या शनिवारी ती सगळ्यात पुढे जाऊन बसली, ती काही त्यांच्या प्रेमापोटी नव्हे.

ते जे शिकवायचे ते मी नंतर इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ आहे. माणूस पडला तर आधी खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा आणि लगेच छातीला लागा. कोणी घोरल्यासारखा, माशासारखा तोंड उघडून आचका देत असेल तर तो श्वास नव्हे. त्याला श्वास समजून थांबलात की संपलं. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. निदान दोन इंच आत जाऊ द्या. दाबलं की पूर्ण वर येऊ द्या. तीस वेळा दाबा, दोनदा तोंडाने हवा भरा, पुन्हा तीस. मिनिटाला शंभराच्या वर वेग हवा. मुलांना अंगाप्रमाणे एक हात किंवा दोन. तान्ह्या बाळाला फक्त दोन बोटं, आणि हवा भरताना बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, गालात मावेल एवढीच फुंकर.

मोठ्या पुतळ्यावर ती लवकर तयार झाली, अंगात ताकद होतीच. बाळाच्या पुतळ्यावर मात्र तिला जमेना. बोटं टेकवली की जोर जास्त पडायचा, हातावर पालथं धरलं की मान लटकायची. ‘‘हे बाळ आहे, व्हॉलीबॉल नाही,’’ मोहिते म्हणाले आणि वर्ग हसला. परीक्षेत त्यांनी तिला बाळाच्या भागात नापास केलं. तिने प्रिन्सिपलकडे त्यांची तक्रार केली. प्रिन्सिपल म्हणाले, मग पुन्हा जा. ती पुन्हा गेली आणि या वेळी पास झाली. मोहित्यांनी सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं तेव्हा दोघांपैकी कोणीही हसलं नाही, असं तिला घ्यायला गेलेला बाळकृष्ण सांगत होता.

पुढच्या वर्षीच्या मेमधली गोष्ट. सकाळी पाणी आलं, खाली पंप सुरू झाला. कमलिनी उतरली आणि प्लग उपटून वर निघाली. त्या दिवशी देशकर घरी होते. बनियनवर, खांद्याला टॉवेल, तसेच बाहेर आले आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागले. माझं क्वार्टर समोरच्या ब्लॉकला. आवाज चढला तसे आम्ही सगळे गॅलरीत आलो. दोघंही आता मधल्या वळणावर उभे होते. देशकर बोट नाचवत तिला नको नको ते बोलत होते, ती एकालाही उत्तर दिल्याशिवाय सोडत नव्हती. बाळकृष्ण वर दारात उभा राहून आत ये, आत ये म्हणत होता. देशकरांनी एक वाक्य सुरू केलं, तुझ्यासारखी बाई माझ्या घरात असती तर, आणि ते तिथेच तुटलं. त्यांनी कठड्याला हात घातला, हळूच पायरीवर बसल्यासारखे झाले आणि कुशीवर कोसळले.

मी धावत तिकडे पोहोचले तोवर जिना माणसांनी भरला होता. कोणी कांदा फोडून आणला होता, कोणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. मनोरमा नवऱ्याचे तळपाय चोळत होती. देशकर मधूनच घोरल्यासारखा आवाज करत होते आणि लोक म्हणत होते, श्वास चालू आहे, श्वास चालू आहे. कमलिनीने त्यांना काखांत धरून वळणावरच्या सपाट जागेवर ओढून घेतलं, उताणं केलं. बाळकृष्णला १०८ लाव म्हणून ओरडली. मग गुडघे टेकून तिने छाती दाबायला सुरुवात केली.

बघणाऱ्याला ते मारहाणीसारखं दिसतं, हे लक्षात घ्यायला हवं. नुकतीच ज्याच्याशी कडाकडा भांडली त्या माणसाच्या छातीवर एक धिप्पाड बाई सगळं वजन टाकून वरखाली होते आहे, आणि तोंडाने आकडे मोजते आहे. मनोरमाने तिची वेणी धरून मागे खेचली. ‘‘सोड त्यांना, मेले ना ते, आता तरी सोड.’’ कमलिनीने मान वर न करता मला सांगितलं, हिला धर. मी मनोरमाला मिठी मारून धरून ठेवलं. ती मला चावली.

तेवढ्यात तो आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा, एकदा आणि लगेच पुन्हा. कमलिनी क्षणभर थबकली, तिचा चेहरा मला दिसत होता, पांढराफटक पडला होता. आणि पुन्हा ती दाबायला लागली, त्याच जोराने. तीस झाले की ती खाली वाकायची, देशकरांचं नाक चिमटीत धरायची आणि त्यांच्या तोंडावर तोंड ठेवून हवा भरायची. दोनदा. हे पाहून वरच्या पायऱ्यांवरच्या एका बाईने डोळ्यांवर पदर घेतला.

हेमंत बाजारातून आला तो हे सगळं पाहूनच वेडा झाला. त्याने तिला ढकलून भिंतीवर आदळलं. ती उठली. ‘‘मग तू दाब,’’ ती म्हणाली. ‘‘येतं का? नाही येत ना? मग हो बाजूला.’’ तो बाजूला झाला. का झाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. अँब्युलन्स यायला बराच वेळ लागला. तोवर ती थकून गेली होती, पण जिन्यात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं, म्हणून ती थांबली नाही. अँब्युलन्सवाल्यांनी मशिनचा झटका दिला आणि नाडी परत आली. देशकरांना घेऊन गाडी गेली.

देशकर हॉस्पिटलात चार दिवस जगले. अलका पुण्याहून पोचली तेव्हा शुद्धीवर होते. तिला ओळखलं, हेमंतला काहीतरी सांगितलं. पाचव्या दिवशी हृदय पुन्हा बंद पडलं, ते परत सुरू झालं नाही.

डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की बरगड्या मोडल्या आहेत. जोरात सीपीआर दिला की मोडतात, त्याने काही बिघडलं नाही, उलट म्हणूनच चार दिवस मिळाले. यातलं पहिलं वाक्य वसाहतीत पोचलं, बाकीची वाटेत गळली. मनोरमा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आधी भांडून पाडलं, मग छाती मोडली. ते चार दिवस तुम्हाला मिळाले ना, असं कोणीतरी म्हणालं, तर ती म्हणाली, ‘‘मिळाले ना. चारही दिवस ते बरगड्या धरून कण्हत होते. ते ऐकायला मिळालं मला.’’

हेमंतने ठाण्यात तक्रार दिली. कमलिनीला बोलावणं आलं, तासन्‌तास बसवून ठेवलं. डॉक्टरांनी पोलिसांना नीट समजावल्यावर प्रकरण मिटलं, पण वसाहतीत मिटलं नाही. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावेना. नळावरच्या बायका तिच्या पाठीमागे तोंडाला तोंड लावल्याची गोष्ट रंगवून सांगायच्या. शाळेत पोरांनी तिचं नाव पसली मॅडम ठेवलं, पसली म्हणजे हिंदीत बरगडी. मैदानाच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने तिचं चित्रही काढलं, खाली पडलेला माणूस आणि वर राक्षसीण. तिने चपराशाला ते पुसू दिलं नाही. राहू दे म्हणाली, हात बरोबर जागेवर काढलेत.

घरातही सगळं ठीक नव्हतं. बाळकृष्ण कित्येक दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. मग एकदा जेवताना त्याने विचारलं, ‘‘तोंड लावायलाच हवं होतं का?’’ ‘‘तुम्ही लावलं असतं का?’’ ‘‘मला कुठे येतं.’’ ‘‘मग,’’ ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. हे तिने मला रागारागाने सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

पावसाळा संपता संपता ती महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत गेली. बोलावलं नव्हतं, तरी गेली. मला आठवतंय, गणपतीच्या हिशेबाची चर्चा थांबली आणि सगळे खाली बघू लागले. तिने सरळ सांगितलं की त्या दिवशी जिना भरून माणसं उभी होती आणि एकालाही काही येत नव्हतं, मंडळाचा हॉल रविवारी सकाळी द्या, मी शिकवते. अध्यक्ष म्हणाले की देशकरांच्या घरच्यांच्या भावनांचा विचार करावा लागेल. ती म्हणाली, ‘‘भावनांनी हृदय चालू होत नाही. तुमच्यापैकी पुढचा कोण पडतो ते बघायला मी मोकळी आहे.’’ हॉल मिळाला नाही, हे सांगायला नको.

मग तिने वर्ग आमच्याच ब्लॉकसमोरच्या मोकळ्या जागेत सुरू केला, देशकरांच्या दारासमोर. मोहिते स्कूटरवर पुतळे बांधून आणायचे. मी तिला म्हटलं, दुसरी जागा बघ, हे बरं दिसत नाही. ‘‘बरं दिसावं म्हणून मी करतच नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘समाजसेवा-बिमाजसेवा माझ्या डोक्यात नाही, मालती. मी त्या दिवशी काय केलं ते मला यांना दाखवायचंय, दर रविवारी, यांच्या तोंडासमोर.’’ पहिल्या रविवारी सतरंजीवर मी एकटी होते. नंतर नववी-दहावीच्या मुली आल्या, कारण तिने पी.टी.च्या मार्कांची धमकी दिली होती. मग मुलींच्या आया आल्या, मुलींना परत न्यायला म्हणून, आणि उभ्याउभ्या बघत राहिल्या. कमलिनी कोणाचं कौतुक करायची नाही. चुकलं की मोहित्यांसारखीच बोलायची. आणि मोहिते बाजूला खुर्चीत बसून तिच्याच चुका काढायचे.

देशकरांच्या घराची खिडकी या सगळ्या वेळात अर्धी उघडी असायची. आत कोण आहे ते आम्हाला ठाऊक होतं.

थंडीतल्या एका रविवारी दार उघडलं आणि मनोरमा बाहेर आली. अंगावर शाल, पायात स्लीपर. सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहिली. मला वाटलं ही आता पुतळा उचलून फेकणार.

‘‘ह्यांना कुठे दाबलंस ते दाखव,’’ ती म्हणाली.

कमलिनीने पुतळ्याच्या छातीवर बोट ठेवलं. मनोरमा खाली बसली, तिथे हात ठेवला आणि दाबलं. काहीच झालं नाही. कमलिनी म्हणाली, हात सरळ, खांदे वर आणा, वजन टाका. मनोरमाने वजन टाकलं. पुतळ्यातून टक् असा आवाज आला, पुरेसं दाबलं गेल्याची ती खूण होती.

‘‘एवढा जोर लावलास?’’

‘‘याहून जास्त. ते अंगाने भरलेले होते.’’

मनोरमा आणखी जोरात दाबू लागली. शाल खांद्यावरून खाली पडली. ‘‘याच्या बरगड्या मोडत नाहीत,’’ ती म्हणाली.

‘‘हा रबराचा आहे.’’

‘‘आवाज आला तेव्हा तुला कळलं होतं?’’

‘‘कळलं होतं.’’

‘‘मग थांबली का नाहीस?’’

‘‘थांबले असते तर ते तिथेच जिन्यात गेले असते.’’

‘‘गेलेच ना शेवटी.’’

‘‘हो,’’ कमलिनी म्हणाली. ‘‘गेले.’’

तिने माफी मागितली नाही आणि मनोरमाला ती नकोच होती. मनोरमा दाबत राहिली, धाप लागेपर्यंत, केस सुटेपर्यंत, आणि आम्ही नुसत्या बघत होतो. शेवटी तिचे हात घसरले. खुर्चीतून मोहिते म्हणाले, ‘‘बाई, थकलात. थकल्यावर माणूस बदलायचा असतो. त्या दिवशी यांना बदलायला कोणी नव्हतं.’’ मनोरमाने त्यांच्याकडे आणि मग कमलिनीकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते, त्यात क्षमा वगैरे काही नव्हतं. शाल उचलली आणि घरात जाऊन तिने कडी लावली.

पण पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. अलकाला दिवस गेले होते, बाळंतपणाला ती भोपाळलाच येणार होती. बाळाचं शिकव, एवढंच मनोरमा म्हणाली. हे शिकवणं म्हणजे एक युद्धच होतं. मनोरमाने बाळाचा पुतळा हातात घेतला तो पहिल्यापासून बरोबर. मान तळहातात, अंग हातावर पसरलेलं, जन्मभर केल्यासारखं. कमलिनीला ते कधीच इतकं सहज जमलं नव्हतं आणि तिला ते झोंबलं. दोन बोटं थोडी खाली, ती म्हणाली. मनोरमा म्हणाली, मला सांगू नकोस, मी दोन वाढवलीत. कमलिनी म्हणाली, वाढवलीत, पण बंद पडलेलं हृदय एकाचंही चालू केलं नाहीत. मोहित्यांना दोघींना गप्प बसा म्हणून ओरडावं लागलं. त्याच दिवशी त्यांनी घशात काही अडकलं तर काय करायचं तेही दाखवलं. बाळ रडत किंवा खोकत असेल तर हात लावू नका. आवाजच निघत नसेल तर हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, खांद्यांच्या मधे पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच वेळा दाबा, आणि पुन्हा पालथं. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी घशात बोट घालू नका.

अलकाला मुलगी झाली. बाळंतपणानंतर ती माहेरीच बरेच महिने राहिली. मुलगी बसायला, रांगायला लागली. एका दुपारी कमलिनी शाळेतून आली आणि जिना चढता चढता तिला खालच्या घरातून अलकाची किंकाळी ऐकू आली. दार उघडंच होतं. आत मनोरमा जमिनीवर बसलेली, मांडीवर टेकवलेल्या हातावर बाळ पालथं, समोर शेंगदाण्यांची ताटली. बाळाचा आवाज बंद होता आणि ओठ निळे पडत चालले होते. कमलिनी उंबऱ्यात पोचली तशी मनोरमा मान वर न करता म्हणाली, ‘‘आत येऊ नकोस.’’

कमलिनी आत गेली नाही. ती मला म्हणाली की पाय आपोआपच थांबले. तिथून तिने फक्त दोन गोष्टी केल्या. अलकाला १०८ लावायला सांगितलं, आणि मनोरमाला म्हणाली, ‘‘डोकं खाली. अजून खाली.’’ मनोरमाने डोकं खाली केलं. थापा दिल्या, उलटवलं, दोन बोटांनी दाबलं, पुन्हा पालथं केलं. ‘‘जोरात,’’ उंबऱ्यातून कमलिनी म्हणाली, ‘‘घाबरू नका, जोरात.’’ पुढच्या थापेला अर्धा दाणा फरशीवर पडला आणि मुलगी जी रडायला लागली ती समोरच्या ब्लॉकमध्ये मला ऐकू आली.

मनोरमाने बाळ अलकाच्या हातात दिलं. उठून दाराशी आली. कमलिनीला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. मनोरमाने दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.

कमलिनी तडक माझ्याकडे आली. चहा ठेव म्हणाली. ‘‘तोंडावर दार आपटलं,’’ असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने कप हातात घेतला. ‘‘पण हात चांगला आहे तिचा,’’ ती म्हणाली. ‘‘मी असते तर मान लटकली असती.’’ आणि मला बजावलं की हे बाहेर बोलायचं नाही.

बाहेर बोलायला कोणी माझी वाट बघत नव्हतं. अलकानेच सगळीकडे सांगितलं. मंडळाने मग दोघींचा सत्कार करायचं ठरवलं, एकाच मंचावर. मनोरमाने निरोप पाठवला की ती बाई असेल तिथे मी पाय ठेवणार नाही. कमलिनीचा निरोप त्याच दिवशी गेला, त्याच अर्थाचा, जास्त वाईट शब्दांत. आणलेली शाल-श्रीफळं पुढे कोणा पाहुण्याला दिली असावीत.

असंच चाललं. मनोरमा रविवारी सतरंजीवर यायची, मुलींना बाळाचं दाखवायची, मोठ्या माणसाचं आलं की उठून जायची. दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. कमलिनीला काही सांगायचं असेल तर ती मोहित्यांना सांगायची आणि मोहिते मनोरमाला. हेमंतला वडिलांच्या जागी नोकरी लागली होती, तो सकाळी ड्यूटीवर जाताना सायकल मुद्दाम सतरंजीच्या अगदी कडेने काढायचा. पंप मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढून भंगारात दिला. कशासाठी ते तो कोणाला बोलला नाही. पाणी वर चढू लागलं.

बाळकृष्ण निवृत्त झाला तेव्हा त्यांनी क्वार्टर सोडलं आणि अयोध्या नगरात दोन खोल्या घेतल्या. सामान हलवलं त्या दिवशी मनोरमाचं दार बंद होतं. रविवारी पुतळे घेऊन मोहिते आले आणि त्यांनी विचारलं, आता कोण शिकवणार. मनोरमा म्हणाली, मी. मोहित्यांनी तिला मोठ्या पुतळ्यावर बसवलं आणि घाम निघेपर्यंत परीक्षा घेतली. ती पास झाली. आता ती मोठ्या माणसाचंही शिकवते. कमलिनीचं नाव ती आजही घेत नाही.

आणि कमलिनीला अयोध्या नगरात जाऊन काही महिने झाले नसतील, तोच तिचं शेजारच्यांशी गाडी लावण्यावरून वाजलं, दूधवाल्याशी वाजलं, सोसायटीच्या चेअरमनशी तर बोलणंच बंद आहे. शनिवारी सकाळी ती तिथल्या पार्कात वर्ग घेते. मी मधून मधून जाते. गेल्या वेळी मला यायला थोडा उशीर झाला, तर तिने सगळ्यांदेखत मला परत पाठवलं.